नकाशाखालचा सौदा

शेवंताबाई दर रविवारी जनावरांच्या बाजाराला जायच्या. त्यांना बैल घ्यायचा नसे की शेळी विकायची नसे. काखेत शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा गुंडाळून धरलेला, कपाळाला कुंकू नाही, पायात टायरच्या चपला, आणि चाल अशी की समोरून येणारा खोंडसुद्धा बाजूला व्हावा. नवख्या माणसाला वाटे, बाई नकाशे विकायला बसतात. आमच्या शेवगावकडच्या लोकांना ठाऊक होतं, बाई पोरी मागायला बसतात.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं धरून बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. भोवती दहा माणसं उभी असली तरी सौदा कितीला ठरला हे त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही. बाईंचे वडील बैलांचे दलाल होते, त्यामुळे ही भाषा त्या पाटीवर अक्षर गिरवण्याच्या आधी शिकल्या होत्या. पुढं त्या विधवा झाल्या, मास्तरीण झाल्या, आमच्या गावच्या सातवीपर्यंतच्या शाळेत आल्या, आणि बापाची विद्या त्यांनी पोरींच्या कामाला लावली. उपरण्याच्या जागी नकाशा, आणि रुपयांच्या जागी पोरीला शिकू द्यायच्या इयत्ता.

आता परक्या पुरुषाचा हात बाईमाणसानं चारचौघांत कसा धरायचा? बाईंनी याचा बंदोबस्त पहिल्याच वर्षी करून टाकला होता. राखीपौर्णिमेला त्यांनी गावात घरोघर फिरून, ज्याला ज्याला मुलगी आहे अशा प्रत्येक बाप्याला राखी बांधली. कुणी ओवाळणी घालायला लागला की म्हणायच्या, "आत्ता नको दादा. लागंल तवा मागीन." पुढं लागली तेव्हा त्यांनी मागितली.

नकाशा दोघांच्या मांडीवर पसरलेला असायचा. कोकणाच्या बाजूनं बाईंचा हात शिरायचा, विदर्भाच्या बाजूनं बापाचा, आणि गाठ पडायची आमच्या नगर जिल्ह्याच्या आसपास. बाप चिडला की मराठवाडा वरखाली व्हायचा. वर्षातून एकदा शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी विचारलं होतं, "बाई, नकाशा नगरपाशीच एवढा का विरलाय?" बाई म्हणाल्या, "साहेब, आपल्या जिल्ह्याचा भूगोल लई शिकवला."

यात खरी गोम होती ती अशी. बाप नकाशाखाली सात इयत्ता देऊन टाकायचा आणि उठताना मोठ्यानं ओरडायचा, "न्हाई म्हंजी न्हाई! पोरगी शिकवून काय तहसीलदार करायचीय का?" भोवतालचे माना डोलवायचे, त्याची मिशी शाबूत राहायची, आणि सोमवारी पोरगी गुपचूप शाळेत. बाई म्हणायच्या, "बाप वाईट नसतोय. बाप चार मान्सांत बसल्याला असतोय. त्याला तिथनं न उठवता उठवायचं असतंय."

आमच्याकडची निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यांवर जायची. नवराबायको मिळून एक कोयता, आणि पोरगी असली तर ती धाकट्याला सांभाळायला, भाकरी थापायला आणि हात बसला की मोळ्या बांधायला. अशा आठ-दहा पोरी बाई सहा-सहा महिने स्वतःच्या दोन खोल्यांत ठेवून घ्यायच्या. शाळेत नाव घालताना आमची वयं कुणालाच माहीत नसायची. बाई आमची तोंडं उघडून दात बघायच्या आणि म्हणायच्या, "ही पहिलीत. ही आजून वरीसभर गोठ्यात राहू द्या." हजेरीपटात आम्हा सगळ्यांची जन्मतारीख एक जून आहे. माझीही.

माझा सौदा झाला तेव्हा मी चौथीत होते आणि वर्गात पहिली होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मालाचा दर्जा म्हणून सांगते. माझे वडील रंभाजी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्या रविवारी त्यांचा बैल बाजारात लंगडला आणि पडत्या भावात गेला. अशा माणसापुढं बाईंनी नकाशा पसरला. मी शेजारी उभी होते. दोन-तीन वेळा मराठवाडा उसळला.

अण्णा म्हणाले, "घरी शेन कोन गोळा करील?"

"शेन काय पळून जातंय का, दादा?"

"आन् धाकटी तारा? तिला कोन सांभाळील?"

"तिला बी आना. माझ्याकडं राहील. निजंल टेबलाखाली."

अण्णा उठले, बाजाराला ऐकू जाईल असं "न्हाई" ओरडले आणि चहा प्यायला गेले. बाईंनी नकाशा गुंडाळला, माझ्या पाटीवर सातचा आकडा काढला आणि म्हणाल्या, "बघितलंस न्हवं? आता पुसून टाक."

सात! पुढच्याच रविवारी माझ्या वर्गातल्या मंजुळाचा सौदा अकराला झाला. अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. त्यासाठी तालुक्याला जाऊन बोर्डिंगात राहायचं. ही मंजुळा सातचा पाढा म्हणताना सात चोक अठ्ठावीसला जी थांबायची ती पाणी पिऊन आली तरी पुढं जायची नाही. पण तिच्या बापाचा बैल चांगल्या भावानं गेला होता, म्हणून तो खुशीत होता. मी बाईंना तोंडावर विचारलं, "ती अकरा आन् मी सात का?" बाई म्हणाल्या, "बाजार हाय." त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटलं ते काही विझलं नाही. भाव पाडून विकलेला माल आहोत आपण, हे मी तिथं शिकले.

तीन वर्षं अशीच गेली. शेवटचं दुष्काळाचं. अख्खं गाव सरकारी कामावर खडी फोडायला गेलं आणि बाजारात जनावरंच उरली नाहीत, तेव्हा बाई नकाशा घेऊन खडीच्या ढिगावर जाऊन बसायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "जनावरं छावनीत गेली. बाप तर हितंच हायेत ना?" त्या उन्हाळ्यात मी सातवी पास झाले, पुन्हा पहिली. पाऊस झाला, कारखाने लागणार अशी बातमी आली. अण्णांनी माझ्यासाठीही कोयता करायला टाकला.

मग मी डोकं चालवलं. सौदा झाला तेव्हा माझ्या चार इयत्ता झालेल्याच होत्या. नकाशाखाली काय झालं याला तिसरा साक्षीदार नव्हता. चार अधिक सात, अकरा! एका संध्याकाळी अण्णा जेवायला बसले तेव्हा मी साळसूदपणे म्हटलं, "अण्णा, बाईंनी सात म्हणलं हुतं ते चारच्या वर सात. म्हंजी मॅट्रिकपातुर."

अण्णांचा घास हातातच राहिला. "आसं कधी ठरलं?"

"तुमीच बोटं धरली. मला काय दिसतंय नकाशाखालचं?"

त्यांनी डोकं खाजवलं. "त्या दिशी लंगड्या बैलानं माझं डोस्कंच फिरल्यालं. आसंन बी." आई म्हणाली, "आसंन बी काय! जाऊन इचारा की." माझ्या अण्णांनी आयुष्यात एकच गोष्ट जपली, हात धरून दिलेला शब्द. बाई हो म्हणाल्या असत्या तर त्यांनी रडत-भांडत का होईना मला बोर्डिंगात नेऊन घातलं असतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

सकाळी अण्णा रस्त्यानं निघाले आणि मी बांधाबांधानं पळत त्यांच्या आधी बाईंच्या दारात पोचले. बाई शेंगा फोडत होत्या. मी धापा टाकत सगळी मसलत सांगितली. "बाई, बोलू बी नका. नुसती मान हलवा." बाईंनी मूठभर शेंगा माझ्या ओच्यात टाकल्या. मला वाटलं, जमलं.

अण्णा आले, उंबऱ्याबाहेर बसले. "बाई, आमच्या हौशीचं किती ठरलं हुतं?"

"सात."

"चारच्या वर सात का नुसतं सात?"

मी अण्णांच्या पाठीमागून, पोतराजाच्या अंगात आल्यावर हलते तशी मान हलवत होते. बाईंनी माझ्याकडं बघितलं. चांगलं डोळ्यांत बघितलं.

"नुसतं सात, रंभाजीदादा."

मी शेंगा फेकून दिल्या. "खोटारड्या हायेत बाई!" असं ओरडले, म्हणजे खरं बोलल्याबद्दल त्यांना खोटारडी म्हणाले. अण्णांनी माझ्या पाठीत धपाटा घातला, पण त्यात जोर नव्हता. ते बाईंकडंच बघत होते. "बाई, तुमाला पोर शाळंत ठिवायची न्हाई का?"

"लई ठिवायचीय. पर चोरून न्हाई." आणि लगेच आत जाऊन नकाशा घेऊन आल्या. "बसा. आता नवा सौदा. आता अकरा मागते."

अण्णांनी हात पुढं केला नाही. "आता न्हाई जमायचं, बाई. हिच्या आईची कंबर गेलीय. तिसरा हात लागतोय." ते ओरडले नाहीत, हे विशेष. खरंच नाही म्हणायचं असलं की माणूस हळू बोलतो. बाईंनी दोनदा, तीनदा "दादा, बसा तर" म्हटलं. मग नकाशा गुंडाळला.

त्या दिवाळीत मी उसाला गेले. दोन हंगाम तोडले. मग लग्न झालं, मग नवऱ्याच्या गावी रस्त्याच्या कडेला कांद्याचा ढीग मांडून बसले. आज नगरच्या मार्केटात माझी आडत आहे आणि माझ्याशी भाव करताना भलेभले व्यापारी आधी पाणी मागतात. पण आमच्या शाळेत इंग्रजी नव्हतं, त्यामुळं इंग्रजी कागद आला की तो उलटा धरलाय की सुलटा हे मला शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. दर वेळी मला बाई आठवायच्या. एक मान. नुसती खालीवर. तेवढीसुद्धा जड झाली बाईंना!

तारा चौथीत गेली तेव्हा मी माहेरी आले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. रविवारी अण्णा दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बाजारात गेले. विकायला काही नव्हतं. बाईंनी मांडीवर नकाशा पसरला, पण त्यांनी बोट पुढं करायच्या आत अण्णांनीच हात घातला. मराठवाडा जरासुद्धा हलला नाही. दोन पंजे आणि एक बोट. बाईंनी दुसऱ्यांदा चाचपून बघितलं म्हणे. अण्णा "न्हाई" ओरडलेच नाहीत, उलट भर बाजारात मोठ्यानं म्हणाले, "अकरा दिल्या!" बाई घाबरून म्हणाल्या, "दादा, हळू. बाकीच्यांचा बाजार बिघडंल."

घरी मी अण्णांना धारेवर धरलं. "माझ्या टायमाला कुठं गेल्ती ही दानत?"

अण्णा म्हणाले, "जी बाई सोताच्या तोट्याचं खरं सांगती, तिच्याशी काय घासाघीस करायची?"

म्हणजे ताराच्या सातच्या वरच्या चार इयत्ता माझ्या खात्यातून गेल्या. आज तारा दवाखान्यात मोठी सिस्टर आहे, पांढऱ्या साडीत फिरते आणि मला मिरची कमी खायला सांगते. आमच्या पाठच्या पोरींमध्ये अकरावीवाल्या वाढत गेल्या. आधी बाप लोक बाईंशी भाव करायचे, रंभाजीची गोष्ट पसरल्यावर नुसते "तुमी म्हनाल ते" म्हणायला लागले. हे सगळं मला कळतं. कळतं म्हणून राग जातो असं कुणी सांगितलं?

बाई निवृत्त झाल्यावर भावाच्या मुलाकडं राहायला गेल्या. मी बरीच वर्षं गेले नाही. एकदा कांदा खरेदीला त्या बाजूला गेले तेव्हा मात्र गाडी वळवली. वाटेत सगळं भांडण मनात जुळवून ठेवलं होतं, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, बाई काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणायचं. बाई ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या. दिसत कमी होतं. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "ये हौशे. भांडायला आलीस?"

"व्हय."

"बस मग. बसून भांड."

मी एका दमात सगळं काढलं. पहिली येणारी पोर, सात, मंजुळा, शेंगा, ती मान. "एक खोटं बोलला असता तर तुमच्या बापाचं काय गेलं असतं?"

आता बाई दिलेल्या शब्दाचं, बाकीच्या पोरींचं सांगतील, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"ते खोटं मी परत बी बोलनार न्हाई," बाई म्हणाल्या. "पर चूक माजी हाय, हौशे. ती त्या दिशीची न्हवं. तीन वर्सं आधीची. लंगड्या बैलाच्या दिशी मी अकराच मागायला पायजे हुतं. रंभाजीचं तोंड बघितलं आन् वाटलं, ह्यो उठून जाईल, सात बी जातील. दलालाची पोर मी, आन् भ्याले. मागितलंच कमी. तुजं नुकसान मी केलं."

माझ्या धंद्यात समोरच्यानं आपण मागितलेला भाव एका शब्दात देऊन टाकला की आनंद होत नाही. पहिली शंका येते, आपण कमी तर नाही मागितला? तीच शंका मला आली. बाईंनी चहा सांगितला, मी प्याले, आणि घरच्या सुनेशी कांद्याच्या भावाबद्दल काहीतरी बोलून निघाले. बाई दारापर्यंत भिंत धरत आल्या.

पुढच्या श्रावणात बाई गेल्या. मंजुळा आली होती, तारा आली होती, आणि मी नाव न ओळखलेल्या कितीतरी बाया हातात पर्स घेऊन रडत उभ्या होत्या. त्यातल्या निम्म्यांना बाईंनी अकरा मिळवून दिल्या असतील. मी मागं उभी होते आणि मला राहून राहून वाटत होतं की त्या दिवशी ओसरीवर बाई देत होत्या, तेव्हा मी अजून काहीतरी मागायला हवं होतं.