तळाचं भोक

कप्तान म्हणजे माझ्या मधल्या बहिणीचे यजमान. मालकीची लाँच एकच, तीस-पस्तीस माणसं बसतील एवढी, आणि धक्क्यापासून पलीकडच्या काठापर्यंत दिवसाला आठ फेऱ्या. एवढ्यावर कुणाला कप्तान म्हणायचं तर मला सुतारसम्राट म्हणायला हरकत नव्हती. पण लोक म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. तोंडावर मात्र भावजी.

अर्ध्या पाण्यात कुणीतरी हमखास विचारायचं, "किती राहिलं हो?" दुसरा एखादा "हे काय, आलंच" म्हणून मोकळा झाला असता. कप्तान आधी घड्याळ बघायचे, मग काठ बघायचे आणि सांगायचे, "सतरा मिनिटं." सतराची एकोणीस झाली तर उतरताना त्या माणसाला गाठून चुकलं म्हणून सांगायचे. पाण्यावर असताना जागा खोटी सांगायची नाही, हा त्यांचा नियम. ताई म्हणायची, "यांना कुणीतरी सांगा, घरात पाणी नसतं. भाजी खारट झाली तरी बरी झालीय म्हणत जा कधीतरी." कप्तान गंभीरपणे म्हणायचे, "बरी नाही झालेली." अशा माणसाबरोबर तिने अडतीस वर्षं काढली. मी अडतीस दिवस काढले नसते.

मी बोटींचा सुतार. लाकडी बोटींना गळती लागली की मला बोलावणं यायचं. कुठून पाणी येतंय ते शोधायचं आणि बुजवायचं, याच्यापलीकडे मी आयुष्यात फारसं काही केलं नाही.

पूल झाला आणि धक्क्याची रया गेली. दहा मिनिटांत मोटारीने पलीकडे जाता येत असेल तर लाँचमध्ये कोण बसणार? मग लाँचवाल्यांनी एकेक करून बोटी विकल्या आणि जुन्या व्हॅन घेऊन त्यांच्या घरगाड्या करायला लागले. सुरुवात केली ती आम्ही ज्याला हौशी म्हणायचो त्याने. बायकोला घेऊन महिनाभर हिंडून आला आणि धक्क्यावर बसून आम्हाला ऐकवू लागला, "अरे, तीच अरुंद खाट, तीच पाण्याची टाकी, तेच खिळवून ठेवलेले डबे. फक्त उलटी होत नाही." कप्तानांनी त्याला उडवून लावलं. म्हणाले, "जमिनीवर काय, कुणीही चालवेल."

त्याच वर्षी ताईच्या कॅन्सरने हाडं धरली. डॉक्टरांनी कप्तानांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, तीन महिने, फार तर चार. बसवायचं नाही, आडवंच ठेवायचं. आम्ही चेहरे नीट करून आत गेलो, तर ताई म्हणाली, "किती सांगितले?" कप्तान म्हणाले, "तीन. फार तर चार." त्या क्षणी मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. ताई मात्र शांतपणे म्हणाली, "मग मला एकदा अक्काला भेटायचंय."

अक्का आमची सगळ्यांत थोरली. ऐंशी ओलांडलेली, लांब डोंगरात शेजाऱ्यांच्या आधाराने एकटी, आणि तिला उठवून बसवायलाच दोन माणसं लागतात. दोघी बहिणींनी अकरा वर्षांत एकमेकींना बघितलं नव्हतं. आज लाँचचं काम निघालंय, उद्या फेऱ्या आहेत, असं करता करता अकरा वर्षं गेली. रेल्वे तिकडे जात नाही आणि बसमध्ये आडवं पडता येत नाही. दुखणाइताला जपत जायचं तर चार दिवसांचा रस्ता, तो ऐकून रुग्णवाहिकेवाल्याने हात जोडले. ताईला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणाली, "मी बहिणीकडे पाहुणी म्हणून जाणार आहे, पार्सल म्हणून नाही."

आठवड्याच्या आत कप्तानांनी लाँच विकली. ज्याने घेतली त्याने ती बागेत नेऊन ठेवली आणि तिच्यात आइस्क्रीमचं दुकान काढलं. कप्तान एकदाही तिकडे फिरकले नाहीत. त्यांनी एक जुनी डिलिव्हरी व्हॅन आणून अंगणात उभी केली आणि मला म्हणाले, "छोट्या, हिला यातून न्यायचं. तू आत खाट कर." अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला या घरात अजून छोट्याच म्हणतात.

मी जीव ओतून काम केलं. खाट बुटकी केली, म्हणजे ताईला उचलून ठेवताना त्रास नको. खाटेला लागून खिडकी बसवली, आणि ती इतकी खाली की उशीवर डोकं ठेवूनही बाहेरचं दिसावं. चार दिवस नुसतं छत बघत कोण जाणार? त्या खिडकीचं मला फार कौतुक होतं. कप्तानांनी लाँचवरचे दोन लाइफ जॅकेट आणून दारामागे टांगले. मी म्हटलं, "भावजी, डोंगरात?" ते म्हणाले, "असू देत. जागा कुठे खातात?"

खाटेच्या डोक्याशी स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीसाठी एक बंद कपाट केलं. त्याच्या तळाला मुठीएवढं आरपार भोक पाडून गॅस फिटरने आम्हाला समजावलं, "गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली बसतो. भोक असलं की रस्त्यावर निघून जातो, नसलं की गाडीत साठतो." आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. फिटर गेला.

दुसऱ्या दिवशी कप्तानांनी नळाला पाइप लावला आणि गाडीच्या खालून पाणी मारायला सुरुवात केली. बोट पाण्यात सोडण्याआधी बघतात तसं. मी आत बसून होतो. त्या भोकातून पाण्याची चिळकांडी वर आली. "पाणी!" मी ओरडलो. कप्तान धावत आत आले. दोघं गुडघ्यांवर बसून त्या भोकाकडे बघत राहिलो. भोकातून खालची ओली फरशी दिसत होती, तळं नव्हतं की समुद्र नव्हता, तरी कप्तानांनी त्यावर तळवा दाबून धरला.

"फिटर म्हणाला होता..." मी म्हणालो.

"तो जमिनीवरचा माणूस," कप्तान म्हणाले. "तळाला भोक ठेवून मी हिला नेणार नाही. गॅसचं काय, आपण खिडकी उघडी ठेवू."

मला पटलं. हेच मला लिहायचं होतं, बाकीचं सगळं त्याच्या आगेमागे आहे. मला एका मिनिटात पटलं. मी सागाचा गट्टू तासून ठोकला, कडेने डांबरात भिजवलेला कापूस कोंबला, वरून पत्रा मारला, बारा स्क्रू पिळले आणि सगळ्यावर सीलंट चोपडलं. पुन्हा पाणी मारलं, थेंब आला नाही. इतकं चोख भोक मी जन्मात बुजवलं नव्हतं.

गाडीत राहायचं तर तपासणीचा दाखला लागतो. आमची तारीख तीन आठवड्यांनी आली. तपासणीच्या आवारात एक अधिकारी बाई होत्या, हातात बॅटरी, कमरेला फडकं. त्यांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, माझ्या खिडकीला "छान आहे" म्हणाल्या. मग गॅसचं कपाट उघडून वाकल्या.

"हे कुणी बंद केलं?"

"मी," मी म्हणालो. छाती पुढे काढून म्हणालो. मला वाटलं, कामाची सफाई बघून विचारतायत.

"या खाटेवर कोण झोपणार?"

"माझी बायको," कप्तान म्हणाले.

"मग तुम्ही तिच्या उशाशी गॅस साठवून ठेवताय," बाई म्हणाल्या आणि कागदावर फुली मारली.

भोक मोकळं करून पुन्हा या, म्हणाल्या. पुन्हाची तारीख पाच आठवड्यांनंतरची. आम्ही हातापाया पडलो. कप्तानांनी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. बाईंनी ती पूर्ण वाचली, त्यांचा चेहरा पडला, आत जाऊन त्या कुणाशी तरी बोलून आल्या. तारीख हलली नाही. मला त्यांचा संताप आला होता. त्या बरोबर होत्या याचा त्याहून जास्त.

एका तासात बुजवलेलं भोक मोकळं करायला मला दोन दिवस लागले. गट्टू निघेना, शेवटी छिन्नीने फोडला, त्यात तळाची फळी तडकली, ती बदलली. काम करता करता मी स्वतःला अशा शिव्या घातल्या की शेजारणीने खिडकी लावून घेतली.

"दाखल्याला मारा गोळी," मी कप्तानांना म्हणालो. "उद्याच निघू. कोण बघतंय?"

"कागदाशिवाय मी कधी धक्का सोडलेला नाही."

"हा धक्का नाहीये, भावजी! अंगण आहे!"

"माणूस तर बसणार आहे ना गाडीत? वाटेत अडवलं, हिला घेऊन रस्त्याच्या कडेला दोन दिवस उभं राहायची वेळ आली, तर?"

मी वाट्टेल ते बोललो. आतून ताईचा आवाज आला, "छोट्या, ओरडू नको रे. पाच आठवडे ना? काढते मी."

तिने चार काढले. चौथ्याच्या शेवटी नुसती कूस बदलताना तिचं मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता रस्त्याचं नाव काढू नका, एक खड्डाही तिला सोसायचा नाही. पाचव्या आठवड्यात कप्तान रिकामी गाडी घेऊन गेले आणि दाखला घेऊन आले. काचेवर चिकटवलेला तो कागद बघून ताई म्हणाली, "आता मला गाडीत ठेवा."

"अगं, पण..."

"अंगणातच. मला त्या खाटेवर झोपायचंय. माझ्यासाठी केलीय ना?"

शेजारचे दोघे धरून आम्ही चौघांनी चादरीवरून तिला उचलून नेलं. ती ओरडली नाही, नुसते दात आवळून होती. खिडकीतून समोर अंगणातला नळ दिसायचा आणि त्याच्या मागे शेजाऱ्यांची भिंत. तिने जरा वेळ बघितलं आणि कप्तानांना म्हणाली, "अक्काला फोन लावा. सांगा, निघालो."

कप्तानांनी फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"ती अडीच महिने वाट बघतेय. रोज खोली झाडून घेते. मी येत नाही हे ऐकून ती माझ्याआधी जाईल. सांगा तिला."

"मी जागा खोटी सांगत नाही," कप्तान म्हणाले.

"आयुष्यभर खरी सांगितलीत. आता माझ्यासाठी चार दिवस खोटी सांगा. चार दिवस मी काही राहत नाही."

मग कप्तानांनी नकाशा काढला. खोटं बोलायचं तरी हिशेबाने. ताशी तीस किलोमीटर, दर दोन तासांनी थांबा, असं सगळं मांडून त्यांनी पहिल्या दिवशी कुठे पोचलो असतो ते काढलं. सकाळी अकराला इंजिन सुरू केलं, म्हणजे फोनवर आवाज जाईल, आणि अक्काला सांगितलं, "मोठा पूल ओलांडला. ही झोपलीय. रस्ता बरा आहे." घाम पुसत फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी अकराला, "सपाटी संपत आली. डोंगर दिसायला लागलेत." ताईच्या कानाशी फोन धरला, तर ती म्हणाली, "अक्का, हिरवंगार आहे गं सगळं." समोर नळ गळत होता.

तिसऱ्या दिवशी तिला बोलायला त्रास होत होता. तिने विचारलं, "कुठवर आलो?"

"घाट लागलाय," कप्तान म्हणाले.

ताईने खिडकीबाहेर बघितलं. "घाटातसुद्धा आपलाच नळ," ती म्हणाली. "बरी सोय आहे." मी हसलो, कप्तान हसले, आणि मग मला तिथे बसवेना म्हणून मी बाहेर आलो. गाडीखाली हात घालून बघितलं, तळाच्या भोकातून वारा वर जात होता, मोकळा, हवा तसा. दुपारी ती गेली. अकराच्या फोनसाठी लावलेलं इंजिन चालूच होतं. कप्तानांनी किल्ली फिरवून ते बंद केलं तेव्हा मला कळलं.

सगळं आटोपलं. अक्काला कळवायचं कुणी, यावर आम्ही दोघंही मूग गिळून बसलो. रात्र तशीच गेली. सकाळी कप्तान सवयीने जाऊन गाडीत बसले, मीही जाऊन रिकाम्या खाटेच्या कडेला टेकलो. त्यांच्या मांडीवर नकाशा होता. अकरा वाजता फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि स्पीकर लावून दोघांच्या मध्ये धरला.

"काय हो कप्तान?" अक्काचा आवाज नुसता आनंदाने भरलेला. "आज चौथा दिवस. मी मेलीने खुर्ची दारातच टाकून घेतलीय. कुठवर आलात?"

कप्तानांनी नकाशावर बोट ठेवलं. तिथली जागा त्यांनी आधीच काढून ठेवली होती, मला दिसत होती. मग त्यांनी मान वर करून खिडकीबाहेर नळाकडे बघितलं.

"अंगणात आहोत, अक्का," ते म्हणाले. "निघालोच नाही."

अक्का म्हणाली, "असू दे हो. तिला सोसत नसेल, मला समजत नाही का? नका आणू तिला. नुसता तिच्याकडे फोन द्या."

कप्तानांनी फोन माझ्या हातात दिला.