तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी

नागसेनला जवळजवळ ऐकू येत नाही, हे त्याची मुलगी रिया सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं त्याने भिवंडीत कापडाचे लूम चालवले. त्या खडखडाटात डावा कान पुरता गेला, उजवाही हळूहळू विझत चालला. पुढे जवळच्याच पूर्णा गावात, गोदामांच्या रांगेला लागून, त्याने गाड्यांचं गॅरेज टाकलं. माणसांचे ओठ वाचून आणि इंजिनाला हात लावून तो निभावून न्यायचा. बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण देणार?

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी बारा वाजता अंजूरची उन्नती आचके देणारी गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर तिचे वडील दौलत होते. पाय सुजलेले, श्वास जड. दोन वाजता ठाण्यात त्यांचं डायलिसिस होतं. शनिवारची पाळी याच गाडीपायी बुडाली होती.

“मघाशी पुलावर बंद पडली, दादा, कशीबशी माघारी वळवली. मागे ट्रेलर होता,” उन्नती म्हणाली. “दुसऱ्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले, तरी तेच. रिक्षाने नेलं तर खड्ड्यांनी बाबांचा जीव जातो.”

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. नागसेनने बॉनेट उघडून चालू इंजिनावर तळवा ठेवला. मग एकेका सिलिंडरला पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरचा वायरीचा जोड काढून पाहिला. पहिला काढला, इंजिन जास्तच थरथरलं. दुसऱ्यालाही तसंच. तिसरा काढला आणि हाताखाली काहीच बदललं नाही.

“हाच मेला हाय,” तो म्हणाला. इंजिन बंद करून त्याने तिथला प्लग काढला. नवाकोरा, पण पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल येत होतं, ठिणगी मात्र पोचत नव्हती. वाटेतच कुठेतरी गळत होती.

प्लग परत बसवून गाडी पुन्हा सुरू केली. उन्नती इंजिनात डोकावून म्हणाली, “टिकटिक येतेय.” तिचं तोंड खाली होतं. नागसेन इंजिनातच बघत राहिला. तिने पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं.

“बाबा तिकडे धापा टाकतायत आणि तुम्ही लक्षच देत नाही!” ती चिडून बोलली, तेही पाठ फिरवूनच.

भर उन्हात ठिणगी दिसणार नव्हती. नागसेनने बॉनेटवर ताडपत्री टाकली आणि तो आत वाकला. उन्नतीने बाजूने कडा उचलून धरली. तेवढ्यात इंजिनाजवळ ‘कट्’ असा आवाज झाला. सात वर्षं ती गाडी चालवणाऱ्या उन्नतीला तो ओळखीचा होता. आता रेडिएटरचा पंखा सुरू होणार.

“हात काढा! दादा, पंखा!”

नागसेनचा हात पुढेच सरकत होता. उन्नतीने दोन्ही हातांनी त्याचा खांदा धरून मागे खेचला. शर्टाची बाही पात्यांत अडकून टर्रकन फाटली. दोघं मागच्या टायरींच्या ढिगावर आदळली.

नागसेनने बोटं मोजली. पाचही होती.

“तुम्हाला ऐकू नाही आलं?” तिने त्याच्या तोंडासमोर येऊन विचारलं.

त्याने फाटकी बाही वर दुमडली. मग म्हणाला, “न्हाय. लूमवर गेले कान. कुणाला बोललो न्हाय.”

गाडीतून दौलतचं खोकणं ऐकू आलं. उन्नतीने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा नागसेनकडे. एक वाजत आला होता. दुसरीकडे जायला वेळ नव्हता, आणि का कोण जाणे, मनही होईना.

“टिकटिक येतेय, दादा. मी ऐकते, तुम्ही बघा.”

ती ताडपत्रीखाली कान लावून उभी राहिली आणि त्याच्याकडे तोंड करून बोटाने दाखवू लागली. “डावीकडे. नाही, अजून मागे. इथे!”

नागसेनने हात लांब ठेवून मान वळवली. तिसऱ्या प्लगची वायर एका पत्र्याच्या कडेला घासून चिरली होती. त्या चिरेतून पत्र्यावर निळी ठिणगी उडत होती. दिसली, विझली, पुन्हा दिसली.

त्याने इंजिन बंद केलं. फळीवर तसल्याच गाडीच्या वायरींचा जुना पण बरा जोड होता. वायर बदलून नागसेनने ती पत्र्यापासून दूर बांधली आणि खात्री करायला तोही उन्नतीशेजारी पुढच्या सीटवर बसला. पुलाचा चढ आला तेव्हा उन्नतीने स्टिअरिंग घट्ट आवळलं. मागे कंटेनर हॉर्न देत होता. नागसेन डॅशबोर्डवर तळवा टेकून होता.

“दाबा,” तो म्हणाला. “चारही सिलिंडर चालू हायत.”

दौलतना पंधरा मिनिटं उशिरा मशीनवर घेतलं.

त्या आठवड्यात नागसेन रियाबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेला. गॅरेजमध्ये तो आता आधीच सांगतो, “मला कमी ऐकू येतं, समोर येऊन बोला.” पडघ्याचं एक जुनं गिऱ्हाईक त्यानंतर फिरकलं नाही. बाकीचे येतात.