पाच नंबरच्या खोलीचा पंचनामा

एकोणीसशे पन्नासच्या दशकातल्या एका डिसेंबरात, सकाळी नऊ वाजता, डोंबिवलीतील एका चाळीच्या पाच नंबरच्या खोलीचा मी पंचनामा केला. त्यातली एक ओळ मला अजून तोंडपाठ आहे. मी तेव्हा तिथल्या चौकीवर फौजदार होतो.

खबर पोस्टमनकडून आली. तो फेरी संपवून चौकीत पाणी प्यायला थांबे. एकदा म्हणाला, "साहेब, तीन चाळींत दारावर एकाच नावाची पाटी आहे. आणि त्या नावाचं एकही कार्ड येत नाही. येतात ती सगळी भलत्याच नावांची."

कोपरच्या बाजूला भातखाचरे बुजवून चाळी उठत होत्या. जागा दलालाशिवाय मिळत नसे. मी तिन्ही मालकांकडून भाडेपावत्यांच्या स्थळप्रती मागवल्या. तिन्हींवर भाडेकरू म्हणून एकाच कारकुनाचे नाव होते आणि दलालही एकच होता. चौकशीमुळे मालक सावध झाले. पाच नंबरच्या मालकाने फसवणुकीची फिर्याद दिली.

कारकुनाला बायकोसह चौकीत बोलावले. खोटे सांगणारा माणूस तारखा पाठ करून येतो, घर पाठ करून येत नाही, हा माझा अनुभव. मी विचारले, "पाच नंबरात मोरी कुठल्या हाताला आहे?"

"डाव्या. नाही, डावी ती दुसऱ्या चाळीतली."

त्याची बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका आता. किती मोऱ्या लक्षात ठेवणार?"

त्यांनी सांगितले ते असे. नवा भाडेकरू आला की पहिल्या दिवशी मालक खोलीवर येई. चुलीवर दूध उतू जाऊ दिले जाई, मालक स्वयंपाकाची मांडणी बघे, चहा घेई आणि मगच पावती फाडी. हे जोडपे मालकांना पसंत पडण्यासारखे होते. त्यांना स्वतःची जागा नव्हती. दलाल त्यांना महिनाभर खोलीत ठेवी. नंतर एखाद्या दुपारी, मालक मुंबईला कामावर असताना, ते स्टो आणि तुळशीची कुंडी घेऊन पुढच्या खोलीत जात. मागे राहायला येई ते ज्यांना कोणी जागा देत नसे असे कुटुंब. भाडे दलाल पोचवी आणि पावती कारकुनाच्याच नावाने चालू राही.

दलाल कोपरच्याच शेतकरी घरातला, चाळिशीचा होता. त्याने काही नाकारले नाही.

"दलाली दोनीकरून घेतली, ती घेतलीच," तो म्हणाला. "ही चाल आमचे शेतान उभी हाय, साहेब. भाताचे लावनीला मानसा यायची, तवा बाबानं कोनाला आरनाव इचारला नाय. आता खोली देताना इचारतान."

"मालकाला फसवलंस ना?"

"फसवला. मना पकरा. पन पंचनाम्याचे कागदावं त्यांचा नाव नका लिवू."

मी त्याला अटक केली आणि दुसऱ्या दिवशी पंच घेऊन खोलीवर गेलो. आत रेल्वे यार्डात अंगमेहनतीचे काम करणारा एक खलाशी, त्याची बायको आणि म्हातारी आई राहत होती. मूळचे नगर जिल्ह्यातले, पूर्वी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातले. खलाशी कामावर होता. त्याच्या बायकोने चुलीजवळचे डबे हलवून आम्हाला जागा करून दिली.

"सायेब, सामान लिवा, भांडी लिवा," ती म्हणाली. "नाव तेवडं ऱ्हाऊ द्या की. आडनावावरनं कळतंय."

सासू कोपऱ्यातून म्हणाली, "लिवू दे गं. जल्मात पयल्यांदा सरकारच्या कागदावर चढतोय आपुन. त्येवडी तरी हौस फिटू दे."

एक पंच हसला. बाई हसली नाही.

मी लिहिले: "सदर खोलीत खालील इसम राहत असल्याचे दिसून आले." खाली तिघांची नावे आडनावांसह लिहिली. पंचांच्या सह्या घेतल्या. खोली कारकुनाच्या ताब्यात नाही आणि आत तीन माणसे राहतात, एवढ्या नोंदीवर त्या टप्प्याला काम भागले असते. नावे पुढे स्वतंत्र जबाबात घेता आली असती. हे मला तेव्हाही माहीत होते.

मालकाने पंचनाम्याची नक्कल मिळवली आणि दिवाणी दावा लावला. दाव्यात जातीचा उल्लेख नव्हता. 'परवानगीविना पोटभाडेकरू' एवढेच कारण होते. पावती नावावर नसल्याने खलाशाला काही सिद्ध करता आले नाही. निकालाच्या आठवड्यात त्यांनी खोली सोडली.

फौजदारी खटल्यात मी खलाशी आणि त्याच्या बायकोला साक्षीदार केले होते. समन्स दोनदा बजावणीविना परत आले. खलाशाने यार्डातली नोकरीही सोडली होती. साक्षीअभावी दलाल आणि सहआरोपी कारकून दोघेही सुटले. कारकून आणि त्याची बायको गावी निघून गेली.

त्यानंतर अकरा महिन्यांनी माझी ठाण्याला बदली झाली. तोपर्यंत पाच नंबरची खोली रिकामीच होती.