खुडूक कोंबडीची मोटार

पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो, त्याच वर्षी दिघीच्या माळावर मला ती मोटार दिसली. महायुद्ध संपल्यावर कुणी गोरा साहेब ती टाकून गेला होता. टायर कुजले होते, पत्रा गंजला होता. पण पितळी दिवे शाबूत होते, आणि एवढं लांब बॉनेट मी फक्त चित्रातच पाहिलं होतं.

मोटार माळावरच्याच एका म्हातारीच्या गोठ्यामागे होती. “न्या की,” ती म्हणाली, “आमाला काय करायचीय?”

रविवारी बैलजोडी आणि दोरखंड घेऊन गेलो, तर म्हातारी मोटारीच्या दाराला हात लावून आडवी उभी.

“आज न्हाई. कोंबडी खुडूक बसलीय.”

मागच्या गादीवर अंडी उबवत बसलेली कोंबडी पिसं फुलवून माझ्यावरच गुरकावली.

“अहो आजी, दुसरीकडे ठेवा तिला!”

“हलवली की उठती. मंग आंडी गार.”

मी वैतागलो. “आणि एवढं थांबून मोटार चालूच झाली नाही तर?”

कोंबडीपुढे पाण्याची वाटी सरकवत ती म्हणाली, “आंड्यात काय हाय, त्ये तरी कुठं दिसतंय? ऊब द्यायची, अन् उठायचं न्हाई.”

पिल्लं निघाली, मग मोटार आली. आता ती कासारवाडीत आमच्या खोलीमागे उभी आहे, आणि कामावरून आलो की मी तिच्यापाशीच बसलेला असतो. बायको शेजारणींना सांगते, “आमचे हे खुडूक बसलेत.”

काल हँडल मारलं, तर इंजिन एकदाच खोकलं. मागच्या गादीतून एक पीस उडालं. मी परत इंजिनापाशी बसलो.

“जेवायला उठा आता,” बायको म्हणाली.

मी उठलो नाही.