गडावरच्या बायांनी काय खाल्लं

बाहत्तरच्या दुष्काळात पाटोद्याच्या बाजूला एका गावात पाझर तलावाचं काम निघालं होतं. तिथं खडी फोडणाऱ्या बायांत धड वाचता येणारी एकटी सत्यभामा. चौथीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर तिला वाचायला मिळाले ते वाणसामानाच्या पुड्यांचे कागद. डाळ डब्यात ओतली की ती पुडीचा कागद सरळ करून वाचत बसायची.

गावच्या सोसायटीच्या कचेरीत पुस्तकांचं एक कपाट होतं. सेक्रेटरी अर्जुनरावांना इतिहासाचा नाद, म्हणून बहुतेक पुस्तकं त्याचीच. रेशनला गेलेल्या सत्यभामानं एक दिवस धीर करून कादंबरी मागितली. पानं दुमडू नको एवढं बजावून त्यांनी ती दिली.

दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली ती मोठ्यानं वाचायची. गडाला वेढा पडलेला, शत्रू हटायचं नाव घेईना. बाया घास हातात धरून ऐकायच्या. गडावरचं धान्य संपत आलं तेव्हा म्हाताऱ्या दगडाबाईनं तिला थांबवलं.

"गडावरच्या बायांनी काय खाल्लं गं? लेकरांना काय घातलं?"

सत्यभामानं पुढची पानं चाळली. तलवारी होत्या, फितुरी होती, एका सरदाराचं लांबलचक भाषण होतं. बायांचं कुठंच काही नव्हतं. ती खजील झाली, जणू पुस्तक तिनंच लिहिलं होतं.

तिनं हे अर्जुनरावांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी खालच्या फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढलं. जुन्या काळची पत्रं होती, मोडीतून उतरवून छापलेली. वाचायला रुक्ष आहे, पण तुझ्यासारखी माणसं त्यातच भेटतील, असं ते म्हणाले.

महिनाभर ती त्या भाषेशी झटली. एकेक पत्र तीन-तीनदा वाचावं लागे. मग एक सापडलं: 'दुकाळे रयत परागंदा जाहाली. कौल देऊन आणावी. बीबियाणे द्यावे. हयगय न करणे.' कौल म्हणजे लेखी अभय, तिनं बायांना समजावलं. त्याच्या पुढच्या पत्रात अकरा घरं परतल्याची नोंद होती. "म्हंजे तवाबी लोक गेलते," दगडाबाई म्हणाली, "आन् आलतेबी."

वैशाखात सोसायटीची बैठक बसली. बाजरीचं बियाणं आलं होतं, मागणीच्या मानानं थोडं. एकोणीस घरं गाव सोडून गेलेली. त्यांचा वाटा हजर असलेल्यांत वाटून टाकावा, असं चेअरमन विठ्ठलरावांनी सुचवलं. माणूस वाईट नव्हता. त्यांचीही विहीर आटली होती, बैल छावणीत होते. नवरा तापानं पडल्यामुळं सत्यभामा त्याच्या जागी आली होती. ती दाराशी उभी राहिली आणि तिनं ते पत्र वाचून दाखवलं.

"ते दिवस येगळे होते, बाई," विठ्ठलराव म्हणाले.

"दिवस येगळे असतील मालक, भूक तीच हाय. तुमचं बियाणं ठिवलंय म्हणून त्यांना लिहा. गावात काईच न्हाई म्हणल्यावर कशापायी येतील ते?"

मग विठ्ठलरावांनी पुस्तक मागून घेतलं, पत्र स्वतः वाचलं आणि अर्जुनरावांना पोस्टकार्डं लिहायला सांगितलं. पहिल्या पावसानंतर आठ दिवस वाट बघायची, असं ठरलं.

मृगाचा पाऊस झाला. चौदा घरं परतली. त्यांतलं सिदूचं बिऱ्हाड तर सातव्या दिवशी संध्याकाळी आलं आणि वेशीतून थेट गोदामाकडे गेलं. पाच घरं आली नाहीत. त्यांतल्या दोघांची कार्डं तशीच माघारी आली. त्यांचं बियाणं नवव्या दिवशी वाटलं.

दिवाळीच्या सुमारास विठ्ठलरावांनी ते जाडजूड पुस्तक घरी नेलं. पंधरा दिवसांनी ते सत्यभामाच्या दारात आले. एका शब्दाचा अर्थ लागत नव्हता. तिलाही ठाऊक नव्हता. दोघं ओट्यावर बसून त्यावर वाद घालत राहिली.