टेबलाला डोकं नसतं

कुणी नमस्काराला वाकलं की वडीलबाबू साप दिसल्यासारखे मागे सरकत. बालीगंजच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत, मी इतिहास. "या देशात पाय धरून घेणारे कमी आहेत का? मला सोडा," म्हणायचे.

नाव मीच पाडलं. शाळेशेजारचं चर्च प्रेसबिटेरियन पंथाचं, स्कॉटिश मिशनऱ्यांनी उभारलेलं. तिथले हे एल्डर, म्हणजे मंडळीने मतं देऊन निवडलेले कारभारी. मराठी ख्रिस्ती लोक एल्डरला 'वडील' म्हणतात, असं मी सांगितलं. "वडील म्हणजे बाप?" ते हसत सुटले. बंगाली रीतीप्रमाणे शिक्षिकेला, म्हणून मलाही, ते दीदीमणी म्हणत. "अहो दीदीमणी, डोक्यावर बाप नको म्हणून तर आमचे लोक राजाशी आणि बिशपशी भांडले."

त्यांचा जीव चर्चमधल्या एका लांबलचक सागवानी टेबलात. स्कॉटलंडची जुनी रीत ती. प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेताना, कुणी गुडघे टेकायचे नाहीत, सगळ्यांनी त्या टेबलाभोवती बसायचं, न्यायाधीशाच्या शेजारी झाडूवाली. "टेबलाला डोकं नसतं," ते बजावत. "डोकं उगवलं की वारसा संपला."

मग त्याच वारशाचा सोहळा ठरला. प्रमुख पाहुणे शहरातल्या सॉल्ट लेक भागातले एक बडे बिल्डर. त्यांच्यासाठी टेबलाच्या टोकाला मखमली सिंहासन मांडायचं म्हणे! निवेदन माझ्याकडे होतं, म्हणून बैठकीला मीही होते. वडीलबाबू एकटे विरोधात उभे राहिले. बाकीचे सहा एल्डर फिश फ्रायवर तुटून पडलेले. कासुंदीने, मोहरीच्या चटणीने, बरबटलेले हात वर करून त्यांनी ठराव पास केला आणि पुढच्या बैठकीत 'वय झालं' म्हणून वडीलबाबूंनाच घरी बसवलं. शी!

सोहळ्यात मी माइकवरून गोड आवाजात म्हटलं, "पाहुण्यांनी टेबलाच्या सर्वोच्च स्थानी विराजमान व्हावं." बिल्डरसाहेब ढेकर देत विराजमान झाले. वडीलबाबू मागच्या बाकावरून उठले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर पडले.

काही महिन्यांनी मी बजबज गावी त्यांच्या मुलीकडे गेले. ते अंथरुणाला खिळलेले. म्हणाले, "दीदीमणी, ते वाक्य कमिटीने लिहून दिलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"तरीच." त्यांचा चेहरा सैल झाला. मुलीला त्यांनी माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. चौथ्या दिवशी ते गेल्याचा फोन आला.

वाक्य माझंच होतं. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं.