हिरव्या इमारतीच्या शेजारी

मी राग विसरणारी बाई नाही, हे आधीच सांगते. माहेरी अजून म्हणतात, हिच्याशी भांडायचं तर म्हातारपणापर्यंतची तयारी ठेवा. त्यामुळे शेजारच्या गुत्तेदारानं आमच्या खिडकीसमोरचा कडुलिंब तोडला, तेव्हा मी आरडाओरडा केला नाही. वाट बघत बसले.

गुत्तेदार म्हणजे रस्त्या-पुलांची सरकारी कामं घेणारा माणूस. बीडमध्ये आमच्या घराला लागून त्याचा मोकळा प्लॉट होता आणि अगदी हद्दीवर तो लिंब. आमच्या पश्चिमेच्या खोलीवर दुपारभर त्याची सावली असायची. त्या खोलीत माझ्या सासऱ्यांची खाट होती. त्यांना आम्ही मामा म्हणतो. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, पण लकव्यानं दोन्ही पाय गेले. दिवसभर खिडकीतून लिंबावरच्या खारी बघायचे आणि संध्याकाळी मला त्यांच्या भानगडी सांगायचे.

आम्ही नवरा-बायको पालीला लग्नाला गेलो होतो, त्या दिवशी झाड पडलं. मामांनी खाटेवरून सगळं बघितलं. आम्ही आलो तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"झाड माझ्या हद्दीत हाय, ताई," गुत्तेदार म्हणाला. "मुळ्या नव्या बांधकामाच्या पायात यायल्यात. कागद दाखवू का?"

कागदावर तो खरा होता. म्हणून तर जास्त जळलं.

पुढं तिथं तीन मजली इमारत झाली. खाली दुकानं, वर क्लास. एसीची बाहेरची यंत्रं दर्शनी बाजूला शोभत नाहीत, म्हणून सगळी आमच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर ठोकली. ती सुरू झाली की खोलीत चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखं व्हायचं. मामांची खाट मधल्या खोलीत आणावी लागली. तिथं खिडकी नाही. मामा कपाटाकडं बघत पडून राहू लागले. खारींचं बोलणं बंद झालं, मग एकूणच बोलणं कमी झालं. "शेजाऱ्याशी वाकडं घेऊन कुठं जायचंय?" असं नवरा म्हणायचा. मला कुठंच जायचं नव्हतं. मी इथंच होते.

अशात पुण्याची एक संस्था गावात आली. इमारती कमी विजेवर चालाव्यात, पावसाचं पाणी साठवावं, घरं मुळातच थंड बांधावीत, हे ही माणसं विनामोबदला सांगत फिरतात आणि चांगल्या इमारतीला मानाची पाटी देतात. त्यांच्या सभेला मीही जाऊन बसले. माणसं मनापासून बोलत होती, खोटं कशाला सांगू? त्यातल्या बाई म्हणाल्या, इमारत फक्त आत बसणाऱ्यांची नसते, म्हणून आम्ही शेजाऱ्यांनाही भेटतो. ते वाक्य मी पदराला बांधून घरी आणलं.

गुत्तेदाराला पाटी हवी होती. गच्चीवर सोलर होतं, पावसाच्या पाण्याची टाकी होती, कुंड्यांची रांग होती. राहिले होते शेजारी. एका सकाळी तो पेढे घेऊन आला.

"ताई, पुण्याची मान्सं येनार हायत. दोन शबुद चांगले बोला."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढव व्हायला माझी काहीच हरकत नव्हती.

"येऊ द्या की," मी म्हणाले. "चहा माझ्याकडं. फक्त दुपारी चारला आणा, तवर मामांचं आवरतं."

ऐन एप्रिल होता. पश्चिमेच्या खोलीत मी खिडकीसमोर खुर्च्या मांडल्या. मामांनी आवाज ऐकला आणि किती दिवसांनी आपणहून बोलले, "मला बी तिकडं न्या."

"मामा, तिथं लई गरम हाय."

"म्हनूनच."

नवऱ्यानं कुरकुरत त्यांना उचलून नेलं.

पाहुण्यांना उकडू नये म्हणून गुत्तेदारानं सकाळपासून तिन्ही मजल्यांवरचे सगळे एसी लावून ठेवले होते. हे मी सुचवलं नव्हतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन.

बाई आल्या, बरोबर एक तरुण इंजिनिअर आणि मागं हसतमुख गुत्तेदार. मी कढत चहा दिला. बाईंच्या कानशिलावरून घाम ओघळायला लागला. "खिडकी उघडता का?" त्यांनी विचारलं. मी लगेच उघडली. झोत आत आला आणि इंजिनिअरनं कप खाली ठेवला. बाई उठल्या, हात बाहेर काढून बघितला. मग खाटेकडं वळल्या.

"बाबा, तुम्ही इथंच असता?"

"पहिलं असायचो," मामा सावकाश म्हणाले. "इथं लिंब हुता."

मी वाईट एक शब्द बोलले नाही. आणखी चहा हवा का, एवढं विचारलं. गुत्तेदाराचं हसू कुठं गेलं ते मी डोळे भरून बघितलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

संस्थेनं पाटी अडवली. यंत्रं गच्चीवर न्या, झाड होतं तिथं झाड लावा, ते जगलं तर पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं कळवलं. यंत्रं वर गेली. मामांची खाट खिडकीशी परत आली, पण ऊन थेट अंगावर येतं म्हणून दुपारी पडदा ओढून घ्यावा लागतो. गुत्तेदार स्वतः येऊन लिंबाच्या रोपाला पाणी घालू लागला. नळाला आठवडा-आठवडा पाणी नसायचं, तेव्हा टँकरचं घालायचा. मी ओट्यावर बसून सांगायची, "बुडात टाका, पानांवर नको." पुढच्या उन्हाळ्यात त्याला पाटी मिळाली. मिळू दे, कामं त्यानं केली होती.

पाटी लागली त्या दिवशी तो पुन्हा पेढे घेऊन आला. "ताई, आता तरी राग गेला का?"

"मामांच्या अंगावर सावली पडू द्या," मी म्हणाले, "मग इचारा."

त्यानं कमरेएवढ्या रोपाकडं बघितलं. मग पडद्याच्या फटीतून खाटेवरच्या मामांकडं. त्याला हिशेब कळला. त्यानं मान खाली घातली आणि मी पेढ्यांचा पुडा न घेता दार लावून घेतलं.